परत पाठवलेल्या भांड्यातली गाभोळी

त्या धक्क्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर किंचाळले होते. सौदीत राबिघहून थुवालकडे जाताना हमरस्ता सोडून समुद्राच्या बाजूला वळलं की कोळ्यांची एक लहानशी वस्ती लागते. पंधरा-वीस होड्या, एक पत्र्याची शेड, मासे साफ करायचे दोन सिमेंटचे ओटे आणि ओट्यांखाली मांजरांची जत्रा. एका ओट्यावर एक दाढीवाला माणूस लालबुंद मासा फाडत होता. त्यानं माशाच्या पोटातून वीतभर लांब गाभोळीची जोडी काढली आणि काही विशेष नाही अशा थाटात खाली मांजरांना टाकली. गाभोळी म्हणजे माशाची अंडी. मी मालवणकडची, आणि आमच्याकडे गाभोळीच्या वाटणीवरून सख्ख्या जावांमध्ये महिनाभर अबोला झालेला मी पाहिलाय. "अरे मेल्यांनो, गाभोळी कोण मांजरांक घालता?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. राग आला की मला दुसरी भाषा सुचत नाही.

"मग काय करू ताई? हितं कोन खातच नाय," दाढीवाला शांतपणे म्हणाला.

मी तिथल्या तिथे थिजले. अरबस्तानच्या किनाऱ्यावर मला कुणी मराठीत उत्तर देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो रत्नागिरीकडचा निघाला. खाडीकाठचा कोकणी मुसलमान, बाप-आजापासून मासेमारी. इथे एका सौदी मालकाच्या होडीवर कामाला, म्हणजे तो मालकच त्याचा कफील, त्याच्या व्हिसाचा जामीनदार. घरी बायको आणि दोन मुली. हे सगळं त्यानं मला मासा फाडता फाडता पाच मिनिटांत सांगितलं, आणि पुढच्या माशाची गाभोळी न मागता पिशवीत घालून दिली.

त्या दिवसापासून मी दर शुक्रवारी सकाळी तिकडे जायला लागले. आमचे हे राबिघच्या तेल-कारखान्यांपैकी एकात इंजिनीअर. माणूस नाशिकचा. लग्नाआधी यांनी मासा फक्त काचेच्या पेटीत पाहिलेला. "इतक्या उन्हात तीस किलोमीटर मासे आणायला? हायपरमार्केटात मिळत नाहीत?" हे दरवेळी विचारायचे. मी दरवेळी गाडीची किल्ली उचलून निघायचे. इथे बायकांना गाडी चालवायला मिळायला लागली तेव्हा मी लायसन्स काढलं ते मुळात याच एका कामासाठी, असं हे आल्यागेल्याला सांगतात. ते काही खोटं नाही.

मासे हे निमित्त असायचं. खरं तर मी जायचे बोलायला. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे कंपनीच्या वसाहतीत, मराठी घरं सात-आठ आहेत, पण ती पुण्याची, ठाण्याची. आमचा मुलगा इंडियन स्कूलमध्ये शिकलेला. मी मराठीत विचारलं तर तो इंग्रजीत उत्तर देतो. धक्क्यावरचा हा माणूस मात्र 'उधाण' म्हणायचा, 'आडवा वारा' म्हणायचा, 'मासळी मवाळ पडली' म्हणायचा. मी त्याला भाऊ म्हणायला लागले. त्याच्यासाठी डब्यात तांदळाची भाकरी आणि कोकमाची कढी नेऊ लागले. त्याच्या धाकट्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं, तर तिचा फॉर्म आम्ही दोघांनी ओट्यावर बसून मोबाईलवरून भरला. हात माशांनी बरबटलेले, म्हणून तो एकेक माहिती सांगत होता आणि मी टाइप करत होते. तिला प्रवेश मिळाला तेव्हा त्यानं मला आख्खा नाजिल भेट दिला.

नाजिल हा तांबड्या समुद्रातला सगळ्यात मानाचा मासा. आपल्या गोबऱ्याच्याच कुळातला, पण लाल रंगाचा आणि अंगभर निळे ठिपके. प्रवाळाच्या खडकांत राहतो. त्याची गाभोळी मी आधी हळद-मीठ लावून वाफवायची, गार झाली की जाड चकत्या कापायची, मालवणी मसाला आणि रव्यात घोळवून तव्यावर परतायची. न वाफवता थेट तळायला गेलं तर ती फटाक्यासारखी उडते, हे मी कंपाउंडमधल्या बायकांना शिकवलं. होय, कारण बातमी पसरली होती. एका हळदीकुंकवाला मी ती चाखायला नेली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "अगं, पुढच्या शुक्रवारी आमच्यासाठीही आण ना." मी आणायची. मला कबूल करायला हवं, त्यात मला फार मोठेपणा वाटायचा. गाभोळी मिळवणारी बाई म्हणून माझी ओळख झाली होती.

आता त्या वस्तीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वस्तीत सगळ्या कोळ्यांचा एक शेख असतो. शेख म्हणजे श्रीमंत नव्हे. सर्वांत जाणता, भांडणं मिटवणारा. इथला शेख सत्तरीच्या पुढचा, काळा-सावळा, मिश्किल म्हातारा. किनाऱ्यापासून होडीनं तासाभरावर एक मोठा प्रवाळाचा खडक आहे. उन्हाळा चढायला लागला की दूरदूरचे नाजिल अंडी घालायला तिथे जमा होतात. म्हातारे त्याला मासळीचं लग्न म्हणतात. पूर्वी या दिवसांत त्या खडकावर कुणी गरी टाकत नसे. मधल्या काळात मोठी इंजिनं आली, बर्फाचे ट्रक आले, आणि लग्नाला आलेले वऱ्हाडी लोक मांडवातच मारू लागले. नाजिल इतका कमी झाला की शेखनं सगळ्या होडीवाल्यांना शेडमध्ये बसवून पुन्हा शब्द घेतला: चाळीस दिवस त्या खडकाकडे कुणी जायचं नाही. सरकारचे नियम वेगळे, हा वस्तीचा. जो मोडेल त्याची होडी पूर्ण हंगाम वाळूवर बांधून ठेवायची. कागद नाही, सही नाही. थुवालच्या विद्यापीठातून संशोधक येऊन पाण्यात उतरले, मासे मोजून गेले आणि शेखला म्हणाले की तुमचं बरोबर आहे. "त्यांना एवढी यंत्रं लागली," शेख हसून सांगायचा.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. भाऊनं सांगितलं होतं. तरी ऐकलेलं आणि समजलेलं यात फरक असतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या शुक्रवारी मी गेले तर भाऊ म्हणाला, "ताई, आता महिना-सवा महिना गाभोळी नाय हां. खडक बंद झालाय."

माझं तोंड उतरलं. त्या आठवड्यात आमच्या घरी जेवण होतं, चौदा माणसं, आणि मी सगळ्यांना शब्द देऊन बसले होते. "म्हणजे अगदी मिळणारच नाही?"

"मिळंल पन फ्रोजन. जेद्दाची."

"फ्रोजन घालू लोकांना? शी!" मी म्हटलं. आणि मग जे म्हटलं ते आजही आठवलं की माझे कान तापतात. "एकदाच हो, भाऊ. दोन-चार मासे. तुम्हाला काय अवघड आहे? मी काय रोज मागते का?"

तो हातातल्या सुरीला पाणी लावत राहिला. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला, ताई, येऊन घेऊन जा. मी गेले, पिशवी घेतली, आणि ती कुठून आली हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. जेवण झकास झालं. सगळ्यांनी बोटं चाटली, आणि मी पदर खोचून मिरवत होते.

आता भांड्याची गोष्ट. त्याच्या पंधरा दिवस आधी धक्क्यावर मला उन्हानं चक्कर आली होती. शेखची नात, जेद्दाला कॉलेजात शिकणारी, सुट्टीला आलेली, मला हात धरून घरात घेऊन गेली. शेखच्या बायकोनं मला पंख्याखाली बसवलं, ताक पाजलं, आणि निघताना एक मोठं निळ्या काठाचं काचेचं भांडं हातात दिलं. आत सयादिया होती, म्हणजे कांदा काळसर परतून केलेला त्यांच्याकडचा मासळीभात. मी घरी आणला, तिघांनी दोन वेळा खाल्ला. भांडं धुऊन ठेवलं. आणि पंधरा दिवस ते माझ्या ओट्यावरून माझ्याकडे बघत होतं.

कारण रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. निदान साखर तरी घालायची. ही आईची शिकवण माझ्या हाडात आहे, त्याला मी काय करणार? साखर घालून देऊ? एवढ्या मायेनं भात दिला तिनं आणि मी साखर? जेवणाच्या दुसऱ्या दिवशी थोडी गाभोळी उरली होती. ती ताजी परतली, भांड्यात छान रचून, वर लिंबाच्या फोडी ठेवून मी ते भांडं शेखच्या घरी घेऊन गेले. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

म्हातारीनं मोठ्या प्रेमानं माझे दोन्ही गाल चुंबले, झाकण काढलं, एक चकती उचलली. मोडून बघितली. वास घेतला. मग ती खाली ठेवून नातीशी काहीतरी बोलली.

"आजी विचारते, ही कशाची?" नात इंग्रजीत म्हणाली.

"नाजिलची!" मी छाती पुढे काढून सांगितलं. "परवाचीच आहे. एकदम ताजी. आमच्या रत्नागिरीवाल्यानं खास माझ्यासाठी आणली."

नातीनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि भाषांतर केलं. म्हातारीनं झाकण पुन्हा लावलं. शेखला आत बोलावलं. त्यानं भांड्यात पाहिलं, मला फक्त वार विचारला, आणि माझ्यासाठी कॉफी मागवली. कुणी आवाज चढवला नाही. मी तीन पेले कॉफी पिऊन, खजूर खाऊन, 'किती आवडलं यांना' असं मनात म्हणत घरी आले. एवढी मोठी झाले पण माणसांचे चेहरे वाचायला शिकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा फोन. "ताई, तुमी शेखच्या घरी काय सांगितलात वो?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुर्चीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं, भांडं, लिंबाच्या फोडी, सगळं. तो मग म्हणाला, होडी बांधणार, ते ठीकच आहे, नियम आहे. पण कफील भडकलाय. म्हणतो, होडी बांधली तर हा माणूस मला कशाला हवा, ह्याला खुरूज देतो. खुरूज म्हणजे कायमचं घरी परत. धाकटीचं नर्सिंगचं पहिलंच वर्ष चालू होतं. आज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर शेडमध्ये सगळे होडीवाले बसणार होते.

"मी येते," मी म्हटलं.

"नको ताई. बायका नाय येत तिकडं."

आमचे हे जेवायला घरी आले तेव्हा मी तयार होऊन बसले होते. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "हे बघ, यात पडू नकोस. आपणही इथे इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर आहोत. उद्या कुणी तक्रार केली तर?"

"आणि तो काय इथला जावई आहे? तोही इकाम्यावरच आहे ना? मी मागितली, मी खाल्ली, मी मिरवली, आणि शिक्षा त्याला? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"तो काही संन्यासी नाही," हे म्हणाले. "त्याला नियम माहीत होता."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पण बोलता बोलता मी रडायला लागले. यांनी पाण्याचा पेला दिला. मग गुपचूप ऑफिसला फोन करून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. नाशिकचा माणूस, पण चांगला आहे.

मी आधी म्हातारीकडे गेले. नातीमार्फत सांगितलं की मला शेडमध्ये सगळ्यांसमोर बोलायचंय. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं चादर अंगावर घेतली, माझा हात धरला आणि स्वतः शेडकडे निघाली. ती आल्यावर कोण बोलणार? पुरुषांनी सरकून कडेला दोन खुर्च्या टाकल्या. आमचे हे दाराशी उभे राहिले.

दहा-बारा जण गोल बसले होते. भाऊ एका टोकाला, मान खाली. त्याचा कफील, जाडजूड, हातात गाडीची किल्ली फिरवत होता. शेख मध्ये. नात माझ्यामागे उभी, माझं इंग्रजी अरबीत करायला. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. मी एवढंच सांगितलं की गाभोळी मी मागितली. हा नाही म्हणत होता, मी हट्ट केला. चूक माझी आहे.

एक आडदांड होडीवाला उठला. पांढरी बंडी, घोगरा आवाज. तो तावातावानं बोलला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नात जरा घुटमळली, मग तिनं सांगितलं. "ते म्हणतात, गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या भावाची होडी बांधली. तेव्हा त्याच्यासाठी रडायला कुणी बाई आली नव्हती."

मला चपराक बसली. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

शेखनं मला विचारलं, तुमच्या देशात समुद्र आहे ना? तिथे असा नियम नसतो का? मी म्हटलं, असतो. पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते तेव्हा होड्या ओढून वर घेतात, नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिल्याशिवाय कुणी समुद्रात जात नाही. माझे आजोबा रापणीत होते. रापण म्हणजे अख्ख्या गावानं किनाऱ्यावरून ओढायचं एकच जाळं; जो दोरीला हात लावेल त्याला वाटा. म्हाताऱ्याला, विधवेला, वाटेवरून जाणाऱ्यालासुद्धा. मी सांगत होते आणि ते होडीवाले कान देऊन ऐकत होते. घोगऱ्या आवाजाच्या माणसानं मध्येच विचारलं की दोरी किती लांब असते. मी दोन्ही हात पसरून दाखवलं, इथून तुमच्या मशिदीपर्यंत.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," शेख म्हणाला. "मग का मागितलंस?"

"जिभेसाठी," मी म्हटलं. "आणि चारचौघांत मिरवायला." नातीनं ते अरबीत केलं तेव्हा दोन-तीन जण हसले, पण वाईट हसले नाहीत.

"इथे बसलेल्या प्रत्येकानं त्या चाळीस दिवसांसाठी काहीतरी सोडलंय," शेख म्हणाला. "तू काय सोडशील?"

"गाभोळी," मी पटकन म्हटलं. "या दिवसांत कधीच खाणार नाही. आमच्या कंपाउंडमध्ये कुणाला खाऊ देणार नाही."

म्हातारा हसला. "ती तुझी नव्हतीच, मुली. जे आपलं नाही ते सोडणं सोपं असतं."

मग तो इतरांकडे वळला. निकाल काही वेगळा लागला नाही. होडी हंगामभर बांधली जाणार. एकाला सोडलं तर उद्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी भाऊ आहे, मेहुणा आहे. कफीलनं किल्ली खिशात घातली आणि हात झटकले. खलास, मग हा मला नको. शेख म्हणाला, शिक्षा होडीला आहे, माणसाला नाही. इकामा दुसऱ्याच्या नावावर करता येतो. याला आपल्या होडीवर कोण घेतंय?

शेडमध्ये कुणी हलेना. मी एकेकाचं तोंड बघत होते. कुणी वाळूत बोटानं रेघा ओढत होता, कुणी कॉफीच्या पेल्यात बघत होता. नियम मोडणाऱ्याला घेणं म्हणजे उद्या आपल्यावरही संशय. भाऊनं एकदाही मान वर केली नाही. देवा महाराजा, मी मनात म्हटलं, मी याचं वाटोळं केलं. बा रवळनाथा, कुणाला तरी बुद्धी दे.

घोगऱ्या आवाजाचाच माणूस पुन्हा उठला. मला वाटलं, आता हा आणखी काहीतरी बोलणार. तो भाऊसमोर जाऊन उभा राहिला, वरून खाली न्याहाळलं आणि दोन वाक्यं बोलला. शेडमध्ये हशा पिकला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत शेख हसला. मी नातीची बाही ओढली.

"ते म्हणतात, हा माझ्या होडीवर येऊ दे," नात म्हणाली. "मासळीचं लग्न कुठे आहे ते याला नेमकं ठाऊक आहे. अशा माणसाला नजरेसमोर ठेवलेलं बरं."

मी मोठ्यानं रडले. म्हातारीनं माझ्या पाठीवर चापट मारली, पुरे म्हणून. दारात उभे असलेले आमचे हे चष्मा पुसत होते आणि धूळ गेल्याचं सांगत होते.

कंपाउंडमध्ये मी दारोदार जाऊन सांगितलं की आता या दिवसांत गाभोळी मागायची नाही, आणि का नाही तेही सांगितलं. एक-दोघी फुगल्या. एक म्हणाली, एवढ्याशा अंड्यांनी काय समुद्र संपणार आहे? मी तिला असं काही सुनावलं की ती आजतागायत मला लिफ्टमध्ये टाळते. काही हरकत नाही.

इकामा बदलायला दोन महिने लागले. मधले दिवस भाऊ त्या घोगऱ्या माणसाच्या जाळ्यांची दुरुस्ती करत शेडमध्ये बसायचा. नवीन होडीवर तो रुळला. हंगाम उघडल्यावर मी पुन्हा शुक्रवारी जाऊ लागले. भाकरी, कढी, गप्पा, सगळं पहिल्यासारखं. धाकटीचा पहिल्या वर्षाचा निकाल आला तेव्हा तिच्याशी माझं फोनवर बोलणं झालं. एकदा मी त्याला विचारलं, भाऊ, तुम्हाला माझा राग नाही आला? तो म्हणाला, "आला ना. दोन दिवस जेवलो नाय." आणि मासा तोलून दिला.

वर्ष फिरलं. पुन्हा उन्हं चढली. ज्या शुक्रवारी खडक बंद होणार त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी गेले होते. मीच आपणहून म्हटलं, "भाऊ, पुढच्या आठवड्यापासून मला साधे बांगडे द्या, नाहीतर काहीही द्या. गाभोळीचं नाव काढणार नाही."

तो सुरी धुऊन, पुसून, बाजूला ठेवून माझ्याकडे वळला. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी बोलताना कधी काम थांबवत नसे.

"ताई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला की."

"ते चाळीस दिवस तुमी येऊच नका."

मला वाटलं, शेखनं सांगितलं असेल. किंवा त्या घोगऱ्यानं. मी तसं विचारलं.

"नाय वो. कोनीच नाय सांगितलं. मीच सांगतो." त्यानं हात पुन्हा पुसले, पुसलेलेच हात. "तुमी मागनार नाय, मला माहीत हाय. पन तुमी हितं बसाल, मुलीची चौकशी कराल, भाकरी द्याल. आनि मला वाटंल, ताईंना काय द्यावं? मग माझा हात परत तिकडं जाईल. त्या वेळेला पन तुमी मागितलं म्हनून नाय गेलो मी. तुमी खूश व्हाल म्हनून गेलो."

मी मान हलवली. त्यानं माझ्या पिशवीत मासे भरले, बर्फ घातला, आणि गाडीपर्यंत पिशवी आणून दिली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात चाळीस दिवस मी त्या रस्त्याला वळत नाही. हे विचारतात, काय गं, आज शुक्रवार, गेली नाहीस? मी म्हणते, बंद आहे.